शनिवारची ड्रायव्हर

त्या विमा कंपनीच्या ऑफिसात एक टेबल असं होतं, की ते कुणालाच नको असायचं. ज्यांचा गाडी चालवायचा परवाना निलंबित झालाय, अशा लोकांच्या गाड्यांच्या विम्याचं टेबल. गेली चार वर्षं ते तिच्या गळ्यात होतं, कारण ते देताना ती नाही म्हणाली नव्हती. नाही म्हणणं तिला जमायचंच नाही. घरीही तेच. आईला दवाखान्यात न्यायचंय? ताईला सांगा. दादाला पहाटे स्टेशनवर सोडायचंय? ताई आहे की! वहिनीच्या मुलांचा पोहण्याचा क्लास, मावसबहिणीचं सामान... ताईकडे परवाना होता, हात सफाईदार होता आणि तोंडात नकार नव्हता.

आणि त्या टेबलापुढच्या खुर्चीत येऊन बसणारा माणूस कधीच दोषी नसायचा! कुणाचा सिग्नल पिवळाच असायचा, कुणाचा वेगाचा काटा बिघडलेला असायचा, एका गृहस्थांची गाडी तर म्हणे वाऱ्यानं पुढे ढकलली होती. ती सगळं शांतपणे ऐकून घ्यायची आणि वाहतूक शाखेच्या पत्रात असेल तेच कारण फॉर्मवर उतरवायची. नियमाबाहेर एक पाऊल नाही. ऑफिसात तिला सगळे 'नियमबाई' म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला माहीत होतं.

म्हणून त्या मंगळवारी दुपारी ती चांगलीच गोंधळली.

तो आला तेव्हा त्याच्या हातात एक चौकोनी काळी पेटी होती. पेटी जमिनीवर न ठेवता तो ती मांडीवर घेऊन बसला, झोपलेलं मूल घेऊन बसावं तसा. उंच होता, त्यामुळे गुडघे टेबलाला लागत होते.

"परवाना कशामुळे गेला?" तिनं न बघता विचारलं.

"दोनदा वेग, एकदा सिग्नल. सहा महिन्यांसाठी."

"सिग्नल पिवळा असेल," तिनं सवयीनं त्याचं काम सोपं करून दिलं.

"छे! चांगला लाल होता. मी पाहिलाही होता."

तिचं पेन थांबलं. "मग?"

"मग काय... उशीर झाला होता, रस्ता रिकामा दिसला, गेलो. चूक माझीच. कुणाला लागलं नाही हे नशीब, त्यात माझी हुशारी काही नाही."

शेजारच्या, नुकसानभरपाईच्या टेबलावरच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. सगळं ऑफिस त्यांना मावशी म्हणायचं. तीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य त्यांनीही ऐकलं नव्हतं.

बोलताना तो मान किंचित कलती ठेवायचा, समोरच्याचा शब्द सांडू नये म्हणून जपल्यासारखी. त्याचा धंदा कानाच्या यंत्रांचा होता. बाकीचे दिवस दुकान, आणि शनिवारी गावाबाहेरच्या म्हाताऱ्या लोकांकडे फेरी. ज्यांना दुकानापर्यंत येणं होत नाही, त्यांची यंत्रं साफ करायची, आवाज जुळवायचा. "मला तिकडे सगळे कानवाला म्हणतात," तो म्हणाला. "नाव कुणाच्याच लक्षात राहत नाही."

पुढचं तिला तोंडपाठ होतं. परवाना निलंबित असला तरी गाडीचा विमा चालू ठेवता येतो, पण तेवढे दिवस मालकानं गाडी चालवायची नाही. त्याच्याऐवजी परवाना असलेल्या एका माणसाचं नाव मुख्य चालक म्हणून द्यायचं, आणि खरोखर त्यानंच गाडी चालवायची. आठ दिवसांत नाव आलं नाही तर विमा बंद. एकदा बंद पडला की निलंबित माणसाला दुसरी कुठली कंपनी दारात उभं करत नाही, आणि बिनविम्याची गाडी रस्त्यावर नुसती उभी ठेवणंही गुन्हा.

"म्हणजे विकायची," तो हळूच म्हणाला. "घरी माझी एक ताई आहे. परवानाही आहे तिच्याकडे. पण ती मागच्या सीटवर बसूनसुद्धा डोळे गच्च मिटून घेते."

त्याचा चेहरा इतका पडला होता की तिच्या तोंडून निघून गेलं, "नाव तर देता येईल ना... नाव ताईंचं असू द्या. बघायला काही कुणी येत नाही."

बोलली आणि तिनं जीभ चावली. चार वर्षांत पहिल्यांदा! मावशींचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही, हसूनच. "तुम्ही हे माझ्यासाठी बोललात, कळलं मला. पण नको. कागदावर ताई, खाली सही तुमची, आणि गाडी हाकणार मी? एक सिग्नल तोडला तेवढा पुरे झाला."

तो गेला. ती खिडकीतून बघत राहिली. बसथांब्यावर तो पेटी छातीशी धरून उभा होता. एक बस आली... गर्दी होती, पेटीला धक्का लागेल म्हणून त्यानं सोडली. दुसरीही सोडली. माणूस चुकतो तेव्हा इतका सरळ उभा राहू शकतो, हे तिला माहीतच नव्हतं. तिला तो आवडला. तिसऱ्या बसपर्यंत तिनं हे स्वतःशी कबूलही करून टाकलं.

आठव्या दिवशी तो विमा बंद करायचा अर्ज घेऊन आला. गाडीला गिऱ्हाईक मिळालं होतं.

"शनिवारी किती वाजता निघता?" तिनं अर्ज न घेता विचारलं.

"साडेआठ. का?"

"गाडी मी चालवीन. सहा महिने. माझ्यावर अजून एकही दंड नाही."

"तुम्ही? अहो, पण — का?"

"आधी उत्तर द्या. मग विचारा."

त्यानं अर्जाची घडी घालून तो खिशात ठेवला.

आता ज्यानं विमा मंजूर करायचा त्यानंच चालक व्हायचं, हे नियमात बसत नव्हतं. तिनं लगेच उठून फाईल मावशींच्या टेबलावर ठेवली. मावशी कामाला पक्क्या. एकेक ओळ वाचत त्या 'चालकाचे मालकाशी नाते' इथे थांबल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "काय लिहू?"

"ओळखीची," ती म्हणाली.

"किती दिवसांची?"

"आठ," तो प्रामाणिकपणे म्हणाला. मावशींनी शिक्का मारला, जरा जास्तच जोरात.

पहिल्या शनिवारी त्यानं किल्ली तिच्या हातात दिली आणि शेजारच्या सीटवर अंग चोरून बसला. गाडी छोटी, हिरवी, जुनी. तिनं सीट पुढे ओढली, आरसा खाली केला आणि निघाली. वाटेत तो एकदाही 'जपून' म्हणाला नाही. पहिल्या घरासमोर दोन गाड्यांच्या मधे जेमतेम जागा होती. तिनं मान वळवली आणि एका झटक्यात गाडी उलटी आत घेतली.

तो मागे वळून बघत म्हणाला, "पुन्हा लावता?"

"काय?"

"गाडी. नीट बघितलं नाही मी."

"वेडे आहात का!"

"एकदाच. प्लीज."

आणि तिनं — नियमबाईनं! — गाडी बाहेर काढून खरंच पुन्हा लावली. तिच्या गाडी लावण्याकडे आजवर कुणी बघितलं नव्हतं. लोक उतरायच्या घाईत असायचे.

"रिव्हर्स घेताना तुम्ही गुणगुणता," तो पेटी उचलत म्हणाला.

"मी? छट्!"

"कानाचा धंदा आहे माझा, बाईसाहेब."

त्या घरात एक आजी यंत्रावर रुसून बसल्या होत्या. यंत्र खोटं बोलतं, असं त्यांचं म्हणणं होतं. तो त्यांच्या खुर्चीशी जमिनीवरच बसला आणि म्हणाला, "काहीतरी सांगा मला. काहीही." आजी धाकट्या बहिणीबद्दल सांगू लागल्या. कशा दोघी एकाच सायकलवरून शाळेत जायच्या, कोण पायडल मारायचं आणि कोण घंटा वाजवायचं. तो ऐकत होता आणि बोटांनी यंत्रातला इवलासा स्क्रू केसभर फिरवत होता. मग बोटं थांबली. तो मात्र बसूनच राहिला.

"झालं का यंत्र?" तिनं दारातून खुणेनं विचारलं.

"यंत्र कधीच झालं," तो कुजबुजला. "गोष्ट राहिलीय."

तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. असाच प्रत्येक घरी गोष्ट संपेपर्यंत बसत असणार, आणि मग पुढचं माणूस वाट बघतंय म्हणून गाडी पळवत असणार. गाडीत बसल्यावर तिनं विचारलंच, "हे तेव्हा का नाही सांगितलंत? कारण तर हे होतं."

"कारण होतं. पण सांगितलं असतं की सबब झाली असती. लाल तो लालच ना?"

तिनं गिअर टाकला. ह्या माणसाकडे बघून आपली मान ताठ होते, असं तिला वाटलं. पुढच्या शनिवारी तिनं त्याला नवं वेळापत्रक करून दिलं: दर शनिवारी नऊ घरांऐवजी सहा, आळीपाळीनं. "घरं कमी करा," ती म्हणाली, "गोष्टी नको."

असे शनिवार येत गेले. तो बोलायचा थोडा आणि विचारायचा फार. आज तुमचा आवाज बसलाय, काल कुणावर ओरडलात? ही जांभई कितव्या फेरीची? सकाळी कुणाकुणाला सोडून आलात? तिच्या जांभया कुणी मोजेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तीही आता त्याला चिडवायला शिकली होती.

"परवाना आला की मला विसराल."

"परवाना गेला तेव्हा कुठे तुम्ही भेटलात. मी वाहतूक शाखेला आभाराचं पत्र लिहिणार आहे."

"लिहा. आणि त्यात वेगाची तक्रार करू नका म्हणावं, ड्रायव्हर हळू चालवते."

"फार हळू चालवते," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "मला वाटतं... अजून हळू चालवली तरी चालेल."

तिनं खरंच वेग कमी केला. मागचा ट्रक हॉर्न वाजवत पुढे निघून गेला.

पाचव्या महिन्यात एकदा वहिनी कपडे घडी करता करता सहज म्हणाली, "त्याचा परवाना आला की तुझं काम संपलं ना ग? मग शनिवारचा क्लास तूच घे बाई, मला नाही जमत."

वहिनीच्या मनात काही वाईट नव्हतं. पण ते वाक्य तिच्या काळजात रुतून बसलं. खरंच की... परवाना आला की काम संपलं. त्याला चालक हवी होती, ती मिळाली. आजवर ज्यांनी ज्यांनी तिला हाक मारली होती, त्यांना कुठेतरी जायचं होतं. त्यालाही जायचंच होतं. फक्त तो बोलायचा गोड. मी हवी आहे की माझा परवाना हवा आहे, एवढंच तिला कळायला हवं होतं. आणि विचारायची छाती होत नव्हती, कारण उत्तर तो खरं देणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

निलंबनाची मुदत एका गुरुवारी संपली. शनिवारी ती ठरल्या वेळी गेली. त्यानं नेहमीसारखी किल्ली पुढे केली, हवेबद्दल काहीतरी बोलला आणि शेजारी बसला. परवान्याचा शब्द नाही.

ती चालकाच्या सीटवर बसली आणि तिचे पाय पोचेनात. सीट पार मागे गेलेली. आरशात गाडीचं छत दिसत होतं.

पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. म्हणजे हा गाडी चालवत होता! कंपनीला न कळवता, कागदावर मनाई असताना — हा, ज्यानं तिची तेवढी एक लबाडी हसून परत केली होती! आणि शनिवारी मात्र आयती ड्रायव्हर आहेच. दिवसभर ती हूं-हां शिवाय काही बोलली नाही. त्यानं दोनदा बरं नाही का म्हणून विचारलं.

तिसऱ्या शनिवारी त्या आजींच्या घरासमोर तिनं गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि समोर बघतच विचारलं, "परवाना मिळाला?"

त्यानं मांडीवरची पेटी सरळ केली. मग, "मिळाला."

"कधी?"

"सोळा दिवस झाले."

"आणि गाडी चालवताय तुम्ही? काही झालं असतं तर कंपनीनं एक काच बदलून दिली नसती! मावशींनी शिक्का मारलाय, माझं नाव आहे त्याच्यावर!"

"चालवली नाही मी."

"मग सीट मागे कोण ढकलतं? ताई?"

"मीच." त्याचे कान लालबुंद झाले होते. "रोज संध्याकाळी येऊन बसतो. गाडी चालू करत नाही. नुसता बसतो... सराव करतो."

"गाडी बंद ठेवून कसला सराव?"

"बोलण्याचा."

त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला. तिनं तो लांबूनच ओळखला. मालकाला पुन्हा चालक म्हणून नोंदवायचा फॉर्म. सगळा भरलेला, सही केलेली. फक्त तळाशी 'खालील चालकाचे नाव कमी करावे' असं छापलं होतं, त्यापुढची जागा कोरी. तिथे पेन टेकवून टेकवून शाईचे ठिपके पडले होते.

"इथे तुमचं नाव लिहायचं होतं," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी बसलो लिहायला. हात पुढे जाईना. फॉर्म दिल्याशिवाय चालवायची नाही, आणि फॉर्म देववत नाही. म्हणून बसनं हिंडतोय."

परवाना खिशात, गाडी दारात, आणि हा सोळा दिवस पेटी छातीशी धरून बसनं! हसावं की रडावं तिला कळेना. पण मनातलं ते रुतलेलं अजून निघालं नव्हतं.

"हे बघा," ती म्हणाली, आणि आवाज फुटलाच, "तुम्हाला ड्रायव्हर हवी असेल तर सरळ सांगा. मला सवय आहे. मी नाही म्हणणार नाही."

"ड्रायव्हर?" तो पूर्ण तिच्याकडे वळला. "सोळा दिवस झाले, ड्रायव्हरची मला काही गरज नाही. मला तुम्ही हव्या आहात. चालवा, नका चालवू. मला तुम्ही आवडता. सरावात याहून बरं जमलं होतं, पण... आवडता. फार."

बाहेर कुणाच्या तरी अंगणात नळ वाहत होता.

"आणि लपवलं ती चूक माझीच," त्यानं पुढे जोडलं.

"मला तारीख माहीत होती," ती एकदम म्हणाली.

"काय?"

"फाईल पहिल्यांदा मीच उघडली होती ना! मुदत गुरुवारी संपते, हे सहा महिने पाठ होतं मला. मीही बोलले नाही."

"का?"

"तुम्ही आवडता म्हणून! आणखी कशाला!"

हे ती जवळजवळ ओरडलीच. वर गच्चीवरून आजींचा आवाज आला, "ऐकू आलं बरं का! स्वच्छ ऐकू आलं!"

दोघं सीटवर खाली सरकली आणि पोट धरून हसली. हसू ओसरल्यावर तिनं तो कागद मांडीवर सरळ केला. डोळे पुसले आणि तिचा ऑफिसातला आवाज परत आला. "तळाची ओळ भरायलाच हवी असं नाही. कोरी सोडली की दोघांची नावं राहतात."

"राहतात?"

"चार वर्षं हाच फॉर्म भरतेय मी."

"म्हणजे सोळा दिवस मी उगाचच बसनं..."

"विचारायचंत की. विम्याच्या ऑफिसातली बाई दर शनिवारी शेजारी बसलेली होती."

सोमवारी मावशींनी फॉर्म उलटसुलट वाचला, दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि "आठ दिवसांची ओळख!" एवढंच पुटपुटत शिक्का मारला.

पुढच्या शनिवारसाठी वहिनीनं मुलांचा क्लास सांगितला, तेव्हा ती म्हणाली, "नाही जमणार." म्हणून झाल्यावर तिलाच दचकल्यासारखं झालं. वहिनी "बरं" म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालू लागली. इतकं सोपं होतं ते!

शनिवारी सकाळी ती सवयीनं चालकाच्या दाराशी गेली, तर तिथे तो उभा.

"आज मी," तो म्हणाला.

"मग मी काय करू?"

"काही नाही."

"रस्ता सांगू?"

"पाठ आहे."

"पेटी धरते."

"मागे पट्ट्यानं बांधलीय."

"मग मी येऊ कशाला?"

"मला तुझ्याबरोबर जायचंय म्हणून," तो म्हणाला. तो पहिल्यांदाच तिला तू म्हणाला होता, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं.

ती शेजारच्या सीटवर बसली. हातांचं काय करावं ते समजेना, म्हणून मांडीवर ठेवले. सुरुवातीला उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायचा. तो मन लावून, सावकाश चालवत होता. ऊन मांडीवर आलं. दुसरं वळण तिनं पाहिलं, तिसरं तिला आठवत नाही.

जाग आली तेव्हा गाडी एका झाडाखाली उभी होती. तिच्या बाजूच्या काचेवर त्यानं वर्तमानपत्र अडकवलं होतं. तो बॉनेटशी उभा होता, आणि ज्यांच्याकडे यंत्र लावायला जायचं होतं ते आजोबा घरातून खुर्ची आणून रस्त्याच्या कडेला बसले होते. दोघं कुजबुजत बोलत होते. तिनं घड्याळ पाहिलं. चाळीस मिनिटं उशीर झाला होता.

तिनं काच खाली केली. "अहो, उठवायचं ना मला!"

"कशाला?" तो म्हणाला. "काही काम होतं का?"

आजोबांनी तोंडावर बोट ठेवून त्याला गप्प केलं. तिनं त्या दोघांकडे पाहिलं. तिच्यासाठी इतका वेळ कुणी थांबलं नव्हतं, आणि तेही तिच्याकडून काही नको असताना. नेहमीसारखं 'आलेच हं' ओठांवर आलं होतं, ते तिनं आतच ठेवलं.

"आणखी पाच मिनिटं," ती म्हणाली, आणि तिनं डोळे मिटले.